काळं पिल्लू म्हणजे कडकनाथच का?

बाईंची पत्रपेटी



या आठवड्याच्या पत्रांत सातारा जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचे चार पानी पत्र आहे. ती सातवीत शिकते. भाऊबीजेची ओवाळणी आणि आजीने दिलेले पैसे साठवून तिने आठवडी बाजारातून सहा पिल्लं घेतली. विकणारा म्हणाला, "अस्सल कडकनाथ आहेत ताई, बघा कशी काळी कुळकुळीत!" एका पिल्लाला ८० रुपये, म्हणजे सहांचे ४८० रुपये झाले. सहाही पिल्लं जगली, याबद्दल आधी तिला शाबासकी!

आता पिल्लं पाच आठवड्यांची झाली आहेत. शेजारचे काका म्हणतात, "हे काही कडकनाथ नव्हे, तुला फसवलं." दादा म्हणतो, "काळं आहे म्हणजे कडकनाथच." बिचारीला रात्री झोप येईना. म्हणून तिने तीन फोटो पाठवून दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला, "बाई, माझी पिल्लं कोणत्या जातीची आहेत हे कसं ओळखायचं?" दुसरा प्रश्न तिने पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिला आहे. "कडकनाथ नसली, तरी अंडी कडकनाथची म्हणून विकली तर चालतील का? पप्पा म्हणतात, कुणाला कळतंय!"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. आधी पहिला घेऊ.

लव बघून फसू नका

कोंबडीच्या पोटाखालच्या उबेत २१ दिवस राहून पिल्लू बाहेर येते. तेव्हा त्याच्या अंगावर पिसे नसतात, मऊ लव असते. लव आणि पिसे यांचे रंग एकच असतील असे मुळीच नाही. पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबडीचे पिल्लू पिवळे असते. अंगावर पांढऱ्या-काळ्या आडव्या रेघा असणारी प्लायमाउथ रॉक ही कोंबडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिचे पिल्लू काळे असते, फक्त डोक्यावर पांढरा ठिपका असतो. आपल्या गावरान कोंबडीच्या पुष्कळ पिल्लांच्या पाठीवर खारीसारखे पट्टे असतात. हे पट्टे सगळ्या कोंबड्यांची पणजी जी लाल रानकोंबडी, तिच्या पिल्लांनाही असतात. पालापाचोळ्यात दडून बसायला ते उपयोगी पडतात.

म्हणजे पहिल्या दिवशी रंग बघून जात सांगणे हे शाळेत पहिलीत आलेल्या मुलाची बॅग बघून तो पुढे डॉक्टर होणार की शेतकरी, हे सांगण्यासारखेच झाले! रंगावरून थोडा अंदाज येतो, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

मग बघायचे तरी काय? कोंबड्या ओळखणारी माणसे रंगाकडे सर्वांत शेवटी बघतात. आधी बघतात ते तुरा, कातडी, पाय, बोटे आणि कानपाळी.

कडकनाथ कसा असतो?

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार या भागांतली जात. तिथल्या भिल्ल आणि भिलाला समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिकडे तिला कालामासी म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. या नावातच सगळी गंमत आहे. कडकनाथचा काळेपणा पिसांवर थांबत नाही. त्याची कातडी काळी, चोच काळी, पाय आणि बोटे काळी. जीभ आणि तोंडाची आतली बाजूसुद्धा काळपट. मांस काळपट, हाडेही काळपट. शरीरात काळा रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. इतर कोंबड्यांत त्या मुख्यतः कातडीत आणि पिसांत राहतात. कडकनाथात त्या अंगभर पसरलेल्या असतात, आणि हा गुण आईबापांकडून पिल्लांकडे येतो. चीनमधली लोकरीसारख्या पिसांची सिल्की कोंबडी अशीच काळ्या कातडीची असते. पण सिल्कीच्या पायाला पाच बोटे असतात, कडकनाथला चारच!

आणि हो, दोन गोष्टी कायमच्या लक्षात ठेवा. कडकनाथचे रक्त लालच असते. आणि त्याचे अंडे काळे नसते, फिकट तपकिरी किंवा दुधाळ रंगाचे असते. "काळं अंडं" म्हणून कुणी काही दाखवले, तर हसून पुढे चालू लागा.

आता पिल्लाकडे वळू. कडकनाथचे एक दिवसाचे पिल्लू निळसर काळे असते आणि पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. त्याला हातात घ्या आणि पोटावरची लव हलकेच फुंकर मारून बाजूला करा. खालची कातडी गडद दिसली पाहिजे. मग पाय उलटा करून तळवा बघा. तोही काळपटच हवा. मोठेपणी तुरा आणि हनुवटीखालचे लोलक काळपट जांभळट असतात. गावरान कोंबड्याच्या तुऱ्यासारखा टोमॅटोचा रंग त्यांना येत नाही.

आणखी एक. कडकनाथची सगळीच पिसे काळी असतात असेही नाही. काहींच्या पिसांवर पांढरट रेघा असतात, काहींच्या मानेवर सोनेरी झाक असते. म्हणजे पिसे पूर्ण काळी नसूनही कडकनाथ असू शकतो, आणि पिसे पूर्ण काळी असूनही नसू शकतो. काय, आहे की नाही गंमत?

काळ्या पिल्लांची रांग

बाजारात काळे पिल्लू दिसले की ते कुणाकुणाचे असू शकते? आपण गुप्तहेरासारखी यादी करू.

पहिला कडकनाथ. त्याची खूण वर सांगितली.

दुसरा ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प. ही ऑस्ट्रेलियात तयार झालेली जात. हिचे पिल्लू पाठीवर काळे, पण पोट, गळा आणि पंखांची टोके पांढरट-पिवळसर असतात. पाय काळे किंवा पाटीच्या रंगाचे, पण तळवा पांढरट गुलाबी. कातडी पांढरी. मोठेपणी पिसे काळीभोर, उन्हात हिरवी झाक मारणारी. तुरा आणि कानपाळ्या लालभडक.

तिसरी प्लायमाउथ रॉक. डोक्यावर पांढरा ठिपका. दोन-तीन आठवड्यांत पंखांवर रेघा दिसू लागल्या की ओळख पटली.

चौथे आपले गावरान काळे पिल्लू. गावरान कोंबडीत कुठलाही रंग येऊ शकतो. पाय पिवळे, पांढरे, काळपट कसेही.

पाचवे संकराचे पिल्लू. कडकनाथचा कोंबडा आणि दुसरी कोंबडी, किंवा उलट. यात काळेपणा कमी-जास्त होतो. कातडी कुठे काळी, कुठे फिकट. तुऱ्यात लालसर छटा. सर्वांत अवघड प्रकरण हेच!

आता आपल्या मैत्रिणीचे फोटो

पहिला फोटो तिसऱ्या दिवशीचा आहे. पाठ काळी, पोट पिवळसर पांढरे, पंखांची टोके पांढरी. दुसऱ्या फोटोत तिने पिल्लाचा पाय उलटा धरला आहे (हे फार हुशारीचे काम केलेस बरं का!). नळी काळी आणि तळवा गुलाबी. तिसऱ्या फोटोत पाच आठवड्यांची सहाही पिल्लं आहेत. पिसे काळी, रेघ एकही नाही. दोघांचा तुरा इतरांपेक्षा मोठा आणि लालसर झाला आहे.

आपण एकेक नाव खोडत जाऊ. गुलाबी तळवा, फिकट पोट आणि लालसर तुरा, म्हणजे कडकनाथ नाही. पंखांवर रेघा नाहीत, म्हणजे प्लायमाउथ रॉक नाही. सहाही पिल्लं अगदी एकसारखी आहेत, म्हणजे गावरान असण्याची शक्यता कमी, कारण एका रवणीतली गावरान पिल्लं सहसा सहा रंगांची निघतात. उरला ऑस्ट्रेलॉर्प, किंवा ऑस्ट्रेलॉर्पचे रक्त असलेला संकर. माझे उत्तर असे, तुझी पिल्लं कडकनाथ नाहीत. बहुतेक ऑस्ट्रेलॉर्प आहेत. आणि मोठ्या तुऱ्याचे ते दोघे बहुधा कोंबडे निघतील.

"बहुतेक" आणि "बहुधा" हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. दिसण्यावरून आपण "हे ते नव्हे" असे खात्रीने म्हणू शकतो. पण "हे शुद्ध तेच" असे म्हणायचे, तर आईबाप कोण हे माहीत हवे. जात ही वंशावळीतून ठरते. म्हणून पुढच्या वेळी पिल्लं घेताना विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. पिल्लं कुठल्या केंद्रात उबवली? कोणत्या तारखेला? लस दिली का? पावती मिळेल का? ज्याच्याकडे चारही उत्तरे आहेत, त्याच्याकडूनच घ्या.

गिरिराज, वनराज आणि रंगीत पिल्लं

इतर काही पत्रांत गिरिराज आणि वनराज यांची चौकशी आहे. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झाला. वनराज (मूळ नाव वनराजा) हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. दोन्ही परसातल्या पालनासाठी मुद्दाम जुळवलेले संकर आहेत. रंग नाना तऱ्हेचे, वाढ गावरानपेक्षा चांगली. पण यांची अंडी घरी उबवली, तर निघणारी पिल्लं आईबापांसारखी होतीलच असे नाही. तुमच्या घरी संकरित मक्याचे बियाणे दरवर्षी नवे आणतात ना? अगदी तसेच.

आणि ती गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं? ती कुठलीच जात नव्हे, तो नुसता रंग! अंडी देणाऱ्या कोंबड्यांची पिल्लं जिथे उबवतात, तिथे साधारण निम्मे नर निघतात. ते अंडी देत नाहीत, आणि ब्रॉयलरसारखे भराभर वाढतही नाहीत. म्हणून ती पिवळी पिल्लं स्वस्तात बाहेर जातात, आणि रंगवून लहान मुलांना विकली जातात. खरी पिसे फुटली की रंग जातो. त्याआधी पुष्कळदा पिल्लूच जाते. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावते. बाजारात ते टुणटुणीत दिसते ते या शिदोरीवर. ती संपते नेमकी तुमच्या घरी आल्यावर. मुलांनो, खेळणे म्हणून पिल्लू मागू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते.

सह्याद्रीची देणगी

जाता जाता एक नवलाची गोष्ट. पुष्कळ कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. पण लाल रानकोंबडीच्या पायाला हा पिवळा रंग नाही. मग तो आला कुठून? २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबडीकडून आला आहे. ही राखी रानकोंबडी फक्त भारतात राहते, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही. पहाटे रानात तिच्या नराची तुटक आरोळी ऐकू येते. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही आपल्या रानातल्या कोंबडीचा वाटा आहे!

भारतात नोंद झालेल्या कोंबड्यांच्या जाती वीसच्या आसपास आहेत. उंच मानेचा, ताठ उभा राहणारा असील, आखूड पायांची निकोबारी, आणि गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरची आपली बुसरा या त्यातल्याच.

आता दुसरा प्रश्न

"कुणाला कळतंय?"

पप्पांचे म्हणणे अगदीच चूक नाही. खरोखरच कळत नाही. कडकनाथचे अंडे फिकट तपकिरी, ऑस्ट्रेलॉर्पचे तपकिरी. दोन्ही शेजारी ठेवली, तर गिऱ्हाइकाला फरक सांगता येणार नाही. अंड्यावर जात लिहिलेली नसते. म्हणून तर गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते ते अंड्याला बघून नव्हे, तुझ्या शब्दाला मानून.

आता थोडा विचार कर. तुझ्याकडून कुणी दहा अंडी नेली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवली. २१ दिवस वाट बघितली. पिल्लं निघाली, त्यांना मुंगसापासून जपलं, दाणा घातला. पाच आठवड्यांनी तिथल्याही शेजारच्या काकांनी सांगितलं, "हे कडकनाथ नव्हे." त्या घरातही तुझ्यासारखीच एखादी मुलगी असेल. तिलाही रात्री झोप येणार नाही. तुला जे ४८० रुपये टोचत आहेत, ते तू तिच्याकडे सरकवून दिलेस, एवढंच होईल.

झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या नावामागे त्या मुलखाची आणि तिथल्या माणसांची मेहनत आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले. ते नाव आपण आपल्या डालग्याला चिकटवायचे, तर त्यांच्या मेहनतीतलेही थोडे चोरल्यासारखे होते.

आणि खरे सांगू का? तुझ्या कोंबड्यांना उसने नाव घ्यायची गरजच नाही! कडकनाथची कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. ऑस्ट्रेलॉर्प त्याहून पुष्कळ जास्त देते. ऑस्ट्रेलियात या जातीच्या एका कोंबडीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याची नोंद आहे. तुझी कोंबडी एवढी देणार नाही. तो विक्रम होता. पण पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की तुझ्या तलंगा रोजच्या डब्याला अंडे पुरवतील. "घरच्या काळ्या कोंबडीची ताजी अंडी" अशी पाटी लाव. भाव थोडा कमी मिळेल, पण गिऱ्हाईक परत येईल. महिन्याचा हिशेब वहीत मांड आणि तो पप्पांना दाखव. पप्पा तुझ्याच भल्यासाठी बोलले, पैसे बुडाले म्हणून त्यांनाही वाईट वाटले असणार. त्यांच्याशी वाद घालू नकोस. हे पान मात्र दोघांनी मिळून वाचा.

तो विकणारा पुन्हा बाजारात दिसला, तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन शांतपणे विचार, "पिल्लं कुठून आणली होती?" कदाचित त्यालाही कुणी तसेच सांगितले असेल. पण पिल्लं कडकनाथ नव्हती, हे त्याला सांगायलाच हवे. नाहीतर तो पुढच्या बाजारीही तेच ओरडेल.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांनी पिल्लं आणायची म्हटली, तर "घाण होते" म्हणून एकदम नाही म्हणू नका, आणि हट्ट केला म्हणून एकदम होही म्हणू नका. आधी तयारी बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. खोक्यावर टांगलेला साधा पिवळा बल्ब पुरतो, पण तो पक्का बांधा, भुश्श्याला लागू देऊ नका. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडते आहे. सगळीकडे पसरून टिपत असली तर सगळे ठीक. पाण्याचे भांडे उथळ असू द्या. खोल भांड्यात पिल्लू बुडते.

मानमोडीच्या लशीबद्दल जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळेवर विचारा. हा रोग आला की अख्खे खुराडे रिकामे होते. आणि पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे, पिल्लाचा मुका न घेणे, हे नियम घरातल्या सर्वांत धाकट्यालाही लागू!

या आठवड्याचा उद्योग

तुमच्या घरी, मामाच्या गावी किंवा शेजारी कोंबड्या असतील, तर एका कोंबडीची ओळखवही करा. मालकांना विचारूनच हात लावा. पुढील मुद्दे लिहा:

१. तुरा कसा आहे? करवतीसारखा उभा एकेरी, की वाटाण्यांच्या रांगांसारखा बसका?
२. कानपाळी पांढरी की लाल? (पांढरी कानपाळी असलेल्या कोंबड्या बहुधा पांढरी अंडी देतात. तुम्ही पडताळून बघा.)
३. पायाचा रंग वरून कोणता, तळव्याला कोणता?
४. बोटे किती? पायांवर पिसे आहेत का?
५. कातडीचा रंग कोणता?
६. पिसांचा रंग. हा सर्वांत शेवटी!

पिल्लू असेल तर दर रविवारी त्याच वेळी एक चित्र काढा किंवा फोटो घ्या, आणि तारीख घाला. बारा रविवारांनंतर तुमच्याकडे असे पुस्तक तयार होईल, जे कुठल्याच दुकानात मिळत नाही. घाईने नाव ठेवू नका. आधी बघा, मग लिहा, आणि मगच ठरवा.

आणि साताऱ्याच्या मैत्रिणी, पहिले अंडे मिळाले की मला जरूर कळव. त्या दोन कोंबड्यांपैकी कोण आधी आरवला, तेही लिही!

तुमच्या लाडक्या
बाई